हळदीचं बोट

१

सोंगं मला लहानपणापासून आवडत नाहीत. गॅदरिंगला एकदा मला झाड केलं होतं, तेव्हाही मी स्टेजवर हात पसरून मनातल्या मनात मॅडमला शिव्याच देत होते. त्यामुळं आरोहीच्या शाळेचा मेसेज आला, धरणावर फॅमिली डे, थीम पायरेट्स, सगळ्या कुटुंबानं ड्रेसमध्ये यावं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. ऐन हळदीचा हंगाम. वावरात हळद शिजवायचा बॉयलर पेटलेला, अंगणात हळकुंडं वाळत घातलेली, घरात पाय ठेवायला जागा नाही. आणि आम्ही काय करायचं, तर समुद्रातले दरोडेखोर व्हायचं. तेही हट्ट्यासारख्या गावातून!

"हितं समुद्र हाय कुठं?" आत्याबाईंनी विचारलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, पार्वतीबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

"धरण आहे ना, आजी," आरोही म्हणाली. पहिलीत आहे, पण तिच्याकडं सगळ्याला उत्तर असतं.

वसमतला रत्नपाल ड्रेपरीवाल्याकडं गेले. शाळांच्या नाटकांचे, नाचांचे कपडे तो भाड्यानं देतो. त्यानं कपाटातून एक गठ्ठा काढून माझ्यापुढं टाकला. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे टीशर्ट, काळी जाकिटं, कवटीचे रुमाल, डोळ्यावर बांधायच्या काळ्या पट्ट्या. दोन मोठे ड्रेस, दोन लहान. लहान दोन्ही एकाच मापाचे.

"आम्हाला एकच पोरगी आहे," मी म्हणाले.

"सेट फुटत न्हाई, वहिनी. एक पडून राहू द्या घरी. परत आणताना मात्र चारी आणा, बराबर."

त्याच्याशी वाद घालायला मला वेळ नव्हता. गठ्ठा उचलला आणि आले.

आमच्या घरात नवं कापड अंगावर चढण्याआधी त्याला हळदीचं बोट लागतं. आत्याबाई कापडाचा कोपरा धरतात, बोट टेकवतात आणि ज्याचं कापड त्याचं नाव घेतात. एकदा नाव घेतलं की ते कापड त्या माणसाचं. दुसऱ्यानं घालायचं नाही. संध्याकाळी मी चारही ड्रेस बाजेवर मांडले होते, तेवढ्यात त्या पिवळे हात घेऊन आल्या.

"अहो, भाड्याच्या कपड्याला काहून हळद? परवा परत द्यायचेत."

"आंगावर चढणार हाय का न्हाई? मंग."

त्यांनी पहिल्या जाकिटाला बोट टेकवलं. "सोमेश्वरचं." दुसऱ्याला. "प्रतिक्षाचं." तिसऱ्याला. "आरोहीचं." आणि मी काही म्हणायच्या आत चौथ्यालाही. "आरोहीचं."

"अहो आत्याबाई! तिला एकच घालायचाय. तो जादाचा आलाय."

त्यांचं बोट कापडावरच राहिलं. "मंग आदी सांगू न्हाई व्हय? मला वाटलं, बदलायला आणलाय."

त्यांनी पदरानं तो डाग पुसून बघितला. हळद ती, निघते कशाला? उलट पसरली. मला रत्नपालच्या तोंडाची काळजी लागली. आत्याबाईंना दुसरीच लागली असावी. त्या बराच वेळ ते जाकीट हातात धरून उभ्या होत्या.

"एका नावाची दोन झाली," त्या म्हणाल्या. "हे घरातच राहू दे. भाईर काढू नको."

मी ते घडी घालून पिशवीत कोंबलं आणि पिशवी लोखंडी कपाटावर फेकली.

२

सकाळी घाईत आरोहीच्या जाकिटाचं वरचं बटण तुटलं. काळ्या दोऱ्याचं रीळ ऐन वेळेला सापडेल तर शपथ. माझ्या ब्लाऊजचा हिरवा दोरा सुईत होता, त्यानंच टाकलं शिवून. हिरवा दोरा काळ्या जाकिटावर उठून दिसत होता. आरोहीनं तोंड वाकडं केलं.

"सगळे हसतील."

"हसू दे. दरोडेखोर काय टेलरकडं जात होते का?"

काजळानं तिला मिशी काढली, टोकं वर वळवली. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली. आरशात बघून ती गुरगुरली आणि मग स्वतःच खुदकन हसली. तेव्हा मात्र माझाही राग गेला, खोटं कशाला सांगू? लई गोड दिसत होती.

सोमेश्वर, माझा नवरा, कवटीचा रुमाल बांधून दारात उभा होता आणि गल्लीत पाऊल टाकायला लाजत होता. समोरचा देविदास मोटारसायकल पुसत होता. त्याचा पोरगाही त्याच शाळेत. पोरगा दरोडेखोर झालेला, बाप मात्र रोजच्या पॅन्ट-शर्टात.

"काय सोमेश्वरराव, कुठं दरोडा?"

"तुझ्याच घरी," सोमेश्वर म्हणाला. "तू काहून तयार न्हाईस?"

"आमी न्हाई बाबा असली सोंगं करत."

आम्ही गाडीत बसलो. आरोहीला मागची सगळी सीट लागते. पाय पसरून, आडवी होऊन, पुढच्या सीटला लाथा मारत ती जाते. त्या दिवशी ती दाराला चिकटून, अंग चोरून बसली.

"नीट मधे बस ना," मी म्हणाले.

"जागा न्हाई."

मी मागं वळून बघितलं. सीटवर पाण्याची बाटली आणि माझी बॅग. बस. एवढंच.

"बॅग खाली ठेव मग."

तिनं बॅग खाली ठेवली आणि पुन्हा दारालाच चिकटली. मी पुढं तोंड केलं. ड्रेस टोचत असेल, असं मला वाटलं. भाड्याचे कपडे टोचतातच.

३

धरणाच्या अलीकडं शाळेनं मंडप टाकला होता. पुठ्ठ्याचं मोठं जहाज केलेलं, त्याच्यापुढं फोटो काढून घ्यायला दरोडेखोरांची ही गर्दी. एरवी सोयाबीनच्या भावावर भांडणारी माणसं डोळ्याला पट्ट्या लावून भेळ खात होती. पोरांचं तर विचारूच नका. सगळी एकसारखी. ड्रेपरीवाला एकच म्हटल्यावर दुसरं काय होणार?

मंडपाच्या दारात पुनम मॅडम उभ्या होत्या. आरोहीच्या वर्गशिक्षिका. पोरांच्या छातीवर त्या पुठ्ठ्याचा सोनेरी बिल्ला टाचत होत्या. आरोही माझ्याआधीच पळत आत गेली. मी पोचले तेव्हा मॅडम हसून म्हणाल्या,

"आरोहीच्या मम्मी, दोघींनाही लावले हं बिल्ले. धाकटी शाळेत नाही का घालायची?"

"कोण धाकटी?"

"आत्ता दोघी गेल्या ना हातात हात घालून. अगदी सारख्याच दिसतात."

"मॅडम, मला एकच मुलगी आहे."

त्या अजून हसतच होत्या, पण आता कशावर हसायचं ते त्यांना कळेना. "मला वाटलं... तिनंच सांगितलं. बिल्ला लावताना मी नाव विचारलं, तर ती पण आरोही म्हणाली."

"वर्गात दुसरी आरोही असेल."

"वर्गात एकच आहे," पुनम मॅडम म्हणाल्या.

मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. एवढी फी घेतात आणि वर्गातली पोरं ओळखता येत नाहीत! मी तरातरा आत गेले. आरोही पुठ्ठ्याच्या जहाजामागं उभी होती. एकटीच. बिल्ला बरोबर त्या बटणावर टाचलेला होता, हिरवा दोरा झाकला गेला होता. तिच्या दृष्टीनं बरंच झालं.

"कुणाबरोबर होतीस गं?"

"कुणी न्हाई." मग ती म्हणाली, "मम्मी, तिला म्हण ना, माझ्या मागं येऊ नको."

"कुणाला?"

तिनं गर्दीकडं बोट दाखवलं. तिथं पन्नास पोरं होती, डोळ्याला पट्टी, ओठावर मिशी. माझ्याकडं एकही बघत नव्हतं. निदान मला तरी तसं वाटलं.

४

दुपारी ऊन असं तापलं की सगळ्यांच्या मिश्या वितळायला लागल्या. आरोहीची तर गालभर पसरली होती. ती बापाबरोबर धरणातली बोट बघायला गेली, आणि मी लिंबाखाली टेकले. जरा वेळानं ती परत आली. हातात बर्फाचा गोळा.

"पप्पा कुठंत?"

"तिकडं," ती म्हणाली आणि माझ्यासमोर बसून गोळा खायला लागली.

माझा फोन वाजला. सोमेश्वर होता.

"आम्ही बोटीच्या लायनीत हाय. लवकर ये. आरोही म्हणून राहिली, मम्मीशिवाय बसणार न्हाई."

मी समोर बघितलं. "आरोही माझ्याजवळ आहे."

"काहून मजाक करून राहिलीस उन्हात? माझा हात धरून उभी हाय ती."

आणि फोनमधून, अगदी जवळून, तिचा आवाज आला. "मम्मी, ये ना. लवकर ये."

माझ्यासमोरची खायची थांबली होती. गोळ्याचं लाल पाणी तिच्या मनगटावरून खाली गळत होतं, त्याच्याकडं तिचं लक्ष नव्हतं. ती माझ्या हातातल्या फोनकडं बघत होती. घाबरली नव्हती. चिडली होती. माझी पोरगी चिडते तेव्हा पाय आपटते, ओरडते. ही नुसती बघत होती.

"कुणाशी बोलतेस?" तिनं विचारलं.

मी उठले, तिचं मनगट धरलं आणि बोटीकडं चालायला लागले. हात गार होता. गोळा खाल्ल्यावर हात गार होणारच, मी मनाशी म्हणाले. पळतच गेले म्हणा ना. लायनीच्या टोकाला सोमेश्वर एकटा उभा होता, कवटीचा रुमाल मानेवर घसरलेला.

"कुठंय?" मी विचारलं.

"आत्ता हितं होती." तो मी हाताला धरलेल्या पोरीकडं बघत राहिला. "तू येऊन राहिलीस ते तिनं बघितलं. तुझ्यासंगं कोण हाय ते बघितलं. अन् हात सोडवून पळालीच एकदम."

"दुसऱ्याचं लेकरू असेल. ड्रेस सारखेच आहेत सगळ्यांचे."

"मला पप्पा म्हणत होती गं."

"फोनवर मम्मी पण म्हणाली. त्याला काय होतंय? तुम्हाला स्वतःची पोरगी ओळखू येत नाही?"

हे मी मोठ्यानं म्हणाले. आजूबाजूच्या दोघातिघांनी वळून बघितलं. सोमेश्वरचं तोंड उतरलं.

तेवढ्यात खाली पाण्याकडून हाक आली. "मम्मी!"

पायऱ्यांवर पोरांचा घोळका होता. मी वळले. पण तिथल्या सगळ्याच आया वळल्या. मम्मी म्हणून हाक मारली की कोण वळत नाही? हाक पुन्हा आली, या वेळेला रडवेली, आणि मला वाटलं, जावं. खरंच वाटलं. एक पाऊल टाकलंही.

माझ्या हातातला हात घट्ट झाला.

"मम्मी, चल," ती म्हणाली. "घरी चल."

माझ्या पोरीचा हात माझ्या हातात आहे, आणि मी दुसऱ्याच्या पोरीच्या हाकेला कुठं धावू? मी स्वतःला असं समजावलं. हे किती शहाणपणाचं आहे, असंही मला वाटलं. फोटो काढायचा राहिला होता. राहू दे म्हणाले आणि आम्ही निघालो.

५

गाडीत ती मागच्या सीटवर मधोमध बसली. पाय पसरून. आता जागा झाली होती.

औंढा मागं पडलं. माझी बॅग मागंच होती, दोघांचे फोनही तिच्यातच. जवळा बाजारच्या अलीकडं बॅगेतला फोन वाजला आणि लगेच बंद झाला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद.

"कुणाचा आहे गं?"

"कुणाचाच न्हाई."

"इकडं दे तो."

"झोपलेय मी," ती म्हणाली.

मी वळून हात लांब केला. ती बॅग मांडीखाली घेऊन बसली होती. उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघत होती. त्या एका डोळ्यापुढं मला हात पुढं नेववेना. उलट बोलायची खोड लागलीय, घरी गेल्यावर बघते, असं म्हणून मी हात मागं घेतला. स्वतःच्या लेकराला कुणी घाबरतं का?

आठवडी बाजार उठत होता. शेळ्या, कापसाचे टेम्पो, हातगाड्या. गाडी जागची हलेना. कडेच्या फटीतून देविदासची मोटारसायकल पुढं निघून गेली. पुढं टाकीवर त्याचा पोरगा, मागं टॉवेलात गुंडाळलेलं अजून एक लेकरू. देविदासनं आमच्या गाडीकडं बघितलंही नाही, इतका जोरात चालला होता.

मी आरशात बघितलं. मागची सीट रिकामी दिसली. वळून बघितलं तर ती खाली, सीटच्या सापटीत, डोकं गुडघ्यात घालून बसली होती.

"काय झालं?"

"गेली का?" तिनं विचारलं.

६

हट्ट्यात शिरलो तेव्हा दिवे लागत होते. सोमेश्वरनं आम्हाला गल्लीच्या तोंडाशी उतरवलं. बॉयलर बघून येतो म्हणाला आणि त्याच ड्रेसमध्ये वावराकडं गाडी वळवली. बॅगही गाडीतच गेली. मी तिचा हात धरून घरापाशी आले.

दार बंद होतं. दिवेलागणीला आमचं दार कधी बंद नसतं. आत्याबाई मरतील पण त्या वेळेला दार लावणार नाहीत. मी कडी वाजवली.

"कोण?" आतून आत्याबाईंचा आवाज. अगदी दाराजवळून.

"मी आहे, प्रतिक्षा. दार का लावलंय?"

"संगं कोण हाय?"

"आरोही. अजून कोण असणार?"

मग आत्याबाई हळू म्हणाल्या, "आरोही घरात हाय."

मला आधी रागच आला. "आत्याबाई, थट्टेची वेळ नाही ही."

"देविदासनं आणली. पाण्यात पडली व्हती पायरीवरून, त्यानं वढून काढली. तुमाला फोन लावून लावून थकला तो. लेकरू म्हणून राहिलं, मम्मीला हाक मारली, मम्मीनं बघितलं, अन् दुसरीला घेऊन गेली. सोताचं लेकरू वळखू येईना व्हय गं तुला?"

मी दाराशेजारच्या खिडकीशी गेले. ती माझ्याबरोबर आली, यावंच लागलं तिला. गजातून आतली दोरी दिसत होती. दोरीवर एक लहान जाकीट ठिबकत होतं. बिल्ला गळून गेलेला, वरचं बटण हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं.

"कपाटावरची पिशवी रिकामी हाय," आत्याबाई दाराआडून म्हणाल्या. "घडी बी न्हाई, काय न्हाई."

मी खाली बघायला तयार नव्हते. तरी बघितलं. वाकून तिच्या छातीवरचा बिल्ला उचलला. बटण काळ्या दोऱ्याचं होतं. कोपऱ्यावर पदरानं पुसून पसरलेला हळदीचा डाग.

आता मला तिची मिशीही दिसली. दिवसभराच्या उन्हात, घामात, सगळ्या गावाच्या मिश्या वितळल्या होत्या. हिची तशीच होती, टोकं वर वळवलेली. सकाळी मी आरोहीला काढली तशी. मी तिच्यावरून अंगठा फिरवला. जोरात घासलं. अंगठ्याला काहीच लागलं नाही. ते काजळ नव्हतंच. तिथली कातडीच तेवढी काळी होती.

ती माझ्याकडं वर बघत होती, गाडीत बघत होती तशी.

"माझं पण नाव घेतलंय आजीनं," ती म्हणाली.

आत आरोही रडायला लागली. माझी आरोही. हे रडणं मला हजारात ओळखू आलं असतं, आणि दुपारी पाण्याकडून आलं तेव्हाही आलंच होतं. "आजी, दार उघडू नको," ती ओरडत होती. "ती आत येईल. उघडू नको."

"आत्याबाई, मला आत घ्या," मी म्हणाले. "पाया पडते."

फळीच्या फटीला आत्याबाईंचा डोळा लागला. "आदी तिचा हात सोड. मंग उघडते."

मी बोटं उघडली. पाचही. पंजा सरळ केला.

"सोडला."

"न्हाई सोडला."

"अहो, सोडलाय मी! बघा ना!"

आत्याबाई फटीतून माझ्या हाताकडं बघत राहिल्या. मग डोळा बाजूला झाला आणि आतून दाराला लाकडी आडणा लावल्याचा आवाज आला. मी दुसऱ्या, मोकळ्या हातानं दार बडवलं. नावं घेतली, शिव्या दिल्या, आरोहीला हाका मारल्या. प्रत्येक हाकेला माझ्याशेजारून आवाज येत होता, "काय, मम्मी?"

शेवटी माझा घसा बसला. तेव्हा आतलं रडणं थांबलेलं ऐकू आलं.

"आजी," आरोहीनं विचारलं, "मम्मी गेली का?"

"व्हय बाळा," आत्याबाई म्हणाल्या. "गेली."

मी सोडलेल्या त्याच हाताला हिसका बसला. "चल," ती म्हणाली.